गवताखालचं गाव: इंग्लंडमधल्या मध्ययुगीन वस्तीच्या खुणा कशा ओळखायच्या

प्रश्न असा आहे: मध्य इंग्लंडमध्ये पायवाटेनं जाताना एका कुरणात बुटके उंचवटे, चौकोनी खळगे आणि एक लांबलचक दबलेला पट्टा दिसला. पलीकडे एकटंच जुनं चर्च उभं आहे, जवळ घरं नाहीत. लायडारच्या, म्हणजे विमानातून लेसरनं जमिनीची उंची मोजून केलेल्या, चित्रातही तिथे चौकटी दिसतात. मध्ययुगात उठून गेलेलं गाव इथे असेल का, आणि ते कशावरून ठरवायचं?

असेल, असं म्हणायला चांगली जागा आहे. इंग्लंडमध्ये मध्ययुगातली अशी उठलेली गावं सुमारे तीन हजार नोंदलेली आहेत. लेस्टरशायर, नॉर्थॅम्प्टनशायर, वॉरिकशायर, लिंकनशायर या पट्ट्यात ती दाट आहेत, कारण तिथल्या चिकणमातीच्या जमिनी पंधराव्या-सोळाव्या शतकात मेंढ्यांच्या कुरणाखाली गेल्या आणि बऱ्याच ठिकाणी पुढे नांगर लागलाच नाही. पण एकेक उंचवटा निरखत बसून काही हाती लागत नाही. एकटा उंचवटा घराचा असेल, गवताच्या गंजीचा असेल, खाणीतून काढलेल्या मातीचा असेल. ओळख पटते ती मांडणीवरून: वाट, वाटेला लागून घरांच्या जागा, घरांमागे परडी, परड्यांच्या शेवटी बांध आणि बांधापलीकडे नांगरटीचे वरंबे. या गोष्टी एकमेकींना कुठे भिडतात, कोण कुणाला कापतं, कोण कुणावर चढतं, हे सगळ्यांत आधी पाहायचं.

मराठी वाचकाकडे यातल्या बऱ्याच गोष्टींना घरचे शब्द आहेत. आपल्या महसुली दप्तरातलं ‘बेचिराग’ गाव म्हणजे हेच: जिथे दिवा लागत नाही, पण शीव शिल्लक आहे. गावाची पांढरी आणि शेताची काळी ही विभागणीही तिथे चालते. फरक आहे तो उंचीचा. दख्खनमध्ये मातीच्या भिंती पडतात, त्यांच्यावरच नवं घर उभं राहतं आणि पिढ्यानपिढ्या पांढरीचं टेकाड वाढत जातं. मध्य इंग्लंडमधलं शेतकऱ्याचं घर म्हणजे लाकडी सांगाडा, कुडाच्या भिंती आणि गवती छप्पर. घर मोडलं की लाकूड काढून दुसरीकडे वापरत, कूड मातीत मिसळून जाई. म्हणून टेकाड शोधत गेलात तर काहीच दिसणार नाही. नजर वीत-दोन वितींच्या उंचीला सरावावी लागते.

सुरुवात वाटेपासून करा, कारण ती सगळ्यांत ठळक असते. गावातली मुख्य वाट पाच ते दहा मीटर रुंद आणि अर्धा ते दीड मीटर खोल बसलेली असते. इंग्रजीत तिला होलोवे म्हणतात. आपली खोल गेलेली पाणंद डोळ्यांसमोर आणा. खुरांनी आणि चाकांनी माती सुटते, पाऊस ती वाहून नेतो, चिखल उपसून कडेला टाकला जातो, आणि वाट खाली जात राहते. दोन्ही बाजूंची घरं मात्र वरच राहतात. वाट असेल तर तळ बऱ्यापैकी सपाट असतो, दोन्ही कडा सारख्या ठळक असतात, आणि मुख्य म्हणजे तिची दोन्ही टोकं कुठेतरी जातात. टोकापासून पुढे पाहा: आजचा रस्ता, पायवाट, ओढ्याचा उतार किंवा शेजारच्या गावाकडे जाणारी जुन्या कुंपणाची रेघ त्याच ओळीत सापडायला हवी. चर निमुळत्या तळाचा असेल आणि सरळ उताराला लागून ओढ्यात पडत असेल, तर तो बहुधा निचऱ्याचा आहे. वाटेच्या कडेत मधूनमधून खिंडारं दिसली, तर ती घरांच्या आवारात शिरायची दारं असू शकतात, आणि ही फार चांगली खूण आहे.

वाटेच्या कडेनं आवारं ओळीनं लागतात. पुढचा भाग, जिथे घर आणि अंगण असे, तो टॉफ्ट. मागचं लांब परडं म्हणजे क्रॉफ्ट. वाटेवरची रुंदी साधारण १५ ते ३० मीटर. दोन आवारांमध्ये उथळ चर किंवा बुटका बांध असतो. सगळी आवारं जवळजवळ सारख्या रुंदीची निघाली तर गाव कुणीतरी आखून वसवलं होतं असा अर्थ होतो. रुंदी मोजताना इंग्रजी काठी, म्हणजे साडेसोळा फूट किंवा ५.०३ मीटर, हे माप मनात ठेवा. तिच्या पटीत आकडे वारंवार येऊ लागले की आखणीचा संशय बळावतो.

घराचं जोतं टॉफ्टच्या पुढच्या भागात शोधायचं. इंग्लंडमधलं हे घर खणांनी मोजत आणि एक खण सुमारे १५ फूट, म्हणजे साडेचार मीटर. दोन-तीन खणी घर म्हणजे ९ ते १४ मीटर लांब आणि पाचेक मीटर रुंद. जोतं याहून थोडं मोठं, २० ते ५० सेंटिमीटर उचललेलं आणि माथ्यावर सपाट असतं. उतारावर ते एका बाजूनं कोरलेलं आणि दुसऱ्या बाजूनं भरलेलं असतं. घर वाटेला कधी लांबीनं लागतं, कधी टोकानं. जिथे दगड मुबलक तिथे चित्र बदलतं: कॉट्सवोल्डमध्ये किंवा यॉर्कशायरच्या खडूच्या टेकड्यांवर भिंतींचे पाये गवताखाली बुटक्या कडांसारखे उठून दिसतात, आणि डार्टमूरवर हाउंड टॉर इथे ग्रॅनाइटच्या भिंती अजून उघड्या उभ्या आहेत. एका टोकाला माणसं आणि दुसऱ्या टोकाला गुरं, मध्ये समोरासमोर दोन दारं, ही लांबघरांची रचना तिथे चालता चालता वाचता येते. मध्य इंग्लंडच्या मातीत इतकं स्पष्ट काही मिळणार नाही. तिथे सपाट जागा आणि तिच्याभोवतीचा चर एवढ्यावर समाधान मानायचं.

गावाबरोबर येणाऱ्या इतर गोष्टी: जमीनदाराच्या वाड्याभोवतीचा पाण्याचा खंदक, बांध घालून केलेले आयताकृती मासळीचे तलाव, पाणचक्कीचा पाट, पवनचक्कीचा गोल उंचवटा. खंदकांच्या जागा इंग्लंडमध्ये सहा हजारांच्या आसपास ठाऊक आहेत आणि त्यांतल्या बहुतेक साधारण १२५० ते १३५० या शतकात खोदल्या गेल्या. खंदक सापडला म्हणजे गाव होतंच असं नाही. एसेक्स आणि सफोकमध्ये तो बरेचदा रानातल्या एकट्या वाड्याचा असतो.

आता नांगरटीचे वरंबे. यांच्यावर थोडा जास्त वेळ घालवा, कारण गावाचा काळ ठरवायला जमिनीवरचा हाच सगळ्यांत भरवशाचा धागा आहे. मध्ययुगीन नांगराची पलटी फळी माती एकाच बाजूला, उजवीकडे, पलटत असे. पट्ट्याभोवती फेऱ्या मारत नांगरलं की माती दर वर्षी मध्याकडे सरकते आणि वरंबा चढत जातो. दोन वरंब्यांमधली सरी पाणी काढून देते. पूर्ण दावण आठ बैलांची धरली जाते. दख्खनच्या काळ्या रानात जड नांगराला अनेक जोड्या जुंपत, तोच प्रकार. एवढी लांब रांग शेताच्या टोकाला वळवायची तर टोक येण्याआधीच बैल डावीकडे घ्यावे लागतात. वर्षानुवर्षं तसं केल्यानं वरंब्याची दोन्ही टोकं विरुद्ध दिशांना वाकतात आणि वरून पाहिलं तर उलट्या इंग्रजी ‘एस’चा आकार येतो. हा बाक फार हळुवार असतो. जमिनीवर उभं राहून तो चटकन कळत नाही, लायडारवर कळतो.

मोजायचं असं: लागोपाठ अकरा वरंबे घ्या, पहिल्याच्या माथ्यापासून अकराव्याच्या माथ्यापर्यंत फीत धरा आणि दहानं भागा. एकेक वरंबा मोजलात तर मीटरभराची चूक सहज होते. सरासरी पाच ते दहा मीटर, वर बाक, म्हणजे मध्ययुगीन किंवा त्या परंपरेतली नांगरट. पाच मीटरांच्या आत आणि फुटपट्टीनं ओढल्यासारखे सरळ वरंबे असतील तर ते बहुधा अठराव्या शतकाच्या अखेरीचे किंवा एकोणिसाव्या शतकातले; वाफेच्या नांगरानं केलेलेही असतात. वरंबे गठ्ठ्यागठ्ठ्यांनी येतात, प्रत्येक गठ्ठ्याची दिशा वेगळी. गठ्ठ्याची लांबी २०० मीटरच्या आसपास आली तर आश्चर्य वाटायला नको, कारण फर्लांग हे माप, २२० यार्ड म्हणजे २०१ मीटर, याच नांगरटीतून आलं आहे. गठ्ठ्याच्या टोकाला, जिथे औत वळे, तिथे मातीचा आडवा उंच पट्टा साचतो. गावाची हद्द समजून लोक तोच नकाशावर काढतात; ती चूक टाळा.

यानंतर सांधे तपासा. वरंबे परड्याच्या मागच्या बांधाला येऊन थांबत असतील, तर परडं आणि शेत एकाच वेळी नांदत होती, आणि आत वस्ती होती हा तर्क भक्कम होतो. वरंबे जोत्यांवरून किंवा दबलेल्या वाटेवरून पुढे जात असतील, तर घरं आधी उठली आणि मग ती जागा नांगराखाली आली. उलट, परड्याच्या आत वरंब्यांच्या पुसट खुणा असतील आणि वरून चर काढलेले असतील, तर गाव वाढताना शेतात शिरलं होतं. तीनही स्थिती एकाच कुरणात सापडू शकतात. तेव्हा ‘इथे गाव होतं’ एवढं म्हणून थांबू नका. कुठला भाग आधी उठला, कुठला नंतर, हे जमीन सांगते.

चुकवणाऱ्या गोष्टी पुष्कळ आहेत. मध्ययुगीन वाटणाऱ्या खुणांमध्ये सगळ्यांत फसव्या म्हणजे जुन्या बागांच्या. सोळाव्या-सतराव्या शतकात श्रीमंत घराण्यांनी वाड्यांभोवती मजगीसारखे टप्पे, कालवे, उंच फिरत्या वाटा आणि आयताकृती तलाव केले. वाडा पडला, बाग गवताखाली गेली, आणि उरल्या भौमितिक कडा. बकिंगहॅमशायरमधल्या क्वारेंडनला उठलेल्या गावाच्या खुणांशेजारी अशीच एलिझाबेथकालीन बाग आहे आणि तिच्या बांधांना पूर्वी सतराव्या शतकातल्या इंग्लंडच्या यादवी युद्धातली तटबंदी समजत. नॉर्थॅम्प्टनशायरच्या हॅरिंग्टनला उतारावर उतरत गेलेले बागेचे टप्पे दिसतात. ओळखायची रीत: बागेला एक मध्यरेषा असते, डावं-उजवं सारखं असतं, कोपरे काटकोनी असतात. गावाची आवारं ओळीत असली तरी इतकी नेमकी नसतात.

नदीकाठच्या सखल कुरणात वरंबे दिसले तर थांबा. विल्टशायर, हॅम्पशायरमध्ये सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात कुरणं भिजवायला पाटांचं जाळं केलं होतं. तिथे वरंब्याच्या माथ्यावरच बारीक पाट असतो, त्यातून पाणी दोन्ही बाजूंना झिरपतं आणि सऱ्यांमधून परत नदीत जातं. माथ्यावर पन्हळ दिसली की ती नांगरट नाही.

लांबट, उशीच्या आकाराचे, चहूबाजूंनी चर असलेले उंचवटे सशांसाठी बांधलेले असतात; ते घर समजले जातात. भोवती चर असलेल्या छोट्या चौथऱ्यांवर गवताच्या गंज्या रचत. दुसऱ्या महायुद्धातल्या सर्चलाइटच्या जागा लहान वर्तुळांसारख्या दिसतात. चुनखत किंवा माती काढलेले खड्डे तर जवळजवळ प्रत्येक गावाच्या जागेवर असतात, आणि त्यांतून काढलेल्या मातीचे ढीग जोत्यांसारखे दिसतात. साधी कसोटी: उंचवट्याला लागून तेवढाच खोल खड्डा असेल, तर माती तिथूनच आली का ते आधी पाहा.

खडूच्या टेकड्यांवर आणखी एक धोका आहे. सॅलिस्बरी पठारावरच्या चिझनबरी वॉरनला वाट आहे आणि वाटेच्या कडेनं घरांची जोतीही आहेत, पण ती वस्ती रोमनकालीन आहे. तिच्या भोवतालची शेतं लहान, चौकोनी, पायऱ्यांसारख्या कडा असलेली आहेत. म्हणून मी पुन्हा शेताकडेच बोट दाखवतो: भोवतीचं शेत कोणत्या जातीचं हे ठरल्याशिवाय वस्तीचा काळ सांगू नये.

आता घरबसल्या करायचं काम. एन्व्हायर्नमेंट एजन्सी या सरकारी संस्थेचा इंग्लंडभरचा लायडार एक मीटरच्या जाळीत मोफत मिळतो. जमिनीचा पृष्ठभाग दाखवणारं, झाडं आणि इमारती काढून टाकलेलं मॉडेल घ्या, म्हणजे डीटीएम. क्यूजीआयएस या नकाशांच्या मोफत संगणकप्रणालीत ते उघडा, सावलीचं चित्र तयार करा. यात दोन चुका वारंवार होतात. एक, सूर्याची उंची ४५ अंशांवर ठेवली जाते; बुटक्या खुणांसाठी ती १५ ते २५ अंशांवर आणा. दोन, एकाच दिशेचा प्रकाश घेतला जातो. प्रकाशाच्या दिशेला समांतर असलेला चर सावली टाकत नाही आणि चित्रातून नाहीसा होतो, म्हणून निदान चार दिशांनी चित्रं काढा किंवा अनेक दिशांचं एकत्र चित्र घ्या. प्रकाश दक्षिणेकडून दिलात तर डोळा फसतो आणि खड्डे उंचवटे वाटू लागतात. वायव्य ही सुरक्षित दिशा. त्याच्या जोडीला उताराचं चित्र आणि स्थानिक उठावाचं चित्र काढा. स्थानिक उठावात डोंगराचा मोठा उतार वजा होतो आणि फक्त वीतभर उंचीचे फरक उरतात. स्लोव्हेनियातल्या संशोधकांनी केलेलं आरव्हीटी हे मोफत साधन ही सगळी चित्रं करून देतं.

लायडारच्या मर्यादाही लक्षात असू द्या. एका मीटरच्या जाळीत अर्ध्या मीटर रुंदीचा भिंतीचा पाया येणार नाही. दाट झुडपाखाली जमिनीचे बिंदू कमी मिळतात आणि मॉडेल त्रिकोणी ठिगळं लावतं. ती ठिगळं जोती नसतात. आणि चित्रातल्या चौकटी काढून टाकलेल्या कुंपणाच्याही असतात.

म्हणून लगेच जुना नकाशा शेजारी ठेवा. नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या संकेतस्थळावर ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशाखात्याचे एकोणिसाव्या शतकातले इंग्लंडचे नकाशे आणि लायडार बाजूबाजूला पाहता येतात. जी रेघ सहा इंची, म्हणजे मैलाला सहा इंच प्रमाणाच्या, नकाशावर कुंपण म्हणून आहे, ती यादीतून काढा. जी एकाही नकाशावर नाही, तिच्याकडे लक्ष द्या. १८३६ च्या कायद्यानंतर झालेल्या टाइथ, म्हणजे चर्चला द्यायच्या दशमांशाच्या, नकाशांबरोबर शेतांच्या नावांची वही असते. ‘टाउन क्लोज’, ‘ओल्ड टाउन’, ‘चॅपल फील्ड’ अशी नावं गावाच्या आठवणी धरून असतात. आपल्याकडे ओसाड रानाला ‘जुनं गावठाण’ म्हणतात तशीच. विमानातून घेतलेले जुने फोटोही पाहा, विशेषतः दुसऱ्या महायुद्धानंतर लगेच रॉयल एअर फोर्सनं सरळ खाली कॅमेरा धरून घेतलेले. त्यानंतरच्या दशकांत कितीतरी कुरणं नांगरली गेली आणि अनेक खुणा आता फक्त त्या फोटोंत उरल्या आहेत. लिंकनशायरमधल्या गेन्सथॉर्पचा १९२५ सालचा हवाई फोटो या अभ्यासाच्या अगदी सुरुवातीच्या पुराव्यांपैकी आहे. वाटा, आवारं, घरं त्यात नकाशासारखी दिसतात.

कागदपत्रांत गावाचं नाव शोधायचं. १०८६ ची डूम्सडे नोंद, म्हणजे राजानं करवलेली गावांची आणि जमिनींची मोजदाद, १३३४ ची करआकारणी, १३७७ चा डोईपट्टीचा कर, कुरणांसाठी उठवलेल्या वस्त्यांबद्दल १५१७ साली राजाचा मंत्री कार्डिनल वूल्झीनं नेमलेली चौकशी, १६६२ नंतरचा चुलीवरचा कर. नाव १३३४ ला आहे, १३७७ ला मोजकी माणसं आहेत आणि चुलीच्या करात एकच घर आहे, असा उतार दिसला तर चित्र जवळजवळ पूर्ण झालं. १४२८ च्या आकारणीत दहापेक्षा कमी घरांच्या पॅरिशना, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्त्यांना, वगळलं होतं. त्या यादीत नाव सापडलं तर फारच उपयोगी. फसगत इथेही होते: करासाठी दोन गावं एकत्र मोजली जात, तेव्हा नाव गायब झालं म्हणजे गाव गेलं असं नाही.

इथे प्लेगबद्दल बोलायलाच हवं, कारण अशी जागा दिसली की लोक लगेच ‘काळ्या मृत्यूनं गाव उठवलं’ म्हणतात आणि ते सगळीकडे पसरतं. १३४८-४९ च्या साथीत माणसं प्रचंड मेली, पण त्या एका फटक्यात कायमची ओस पडलेली गावं थोडी. बहुतेक ठिकाणी घरं हळूहळू रिकामी होत गेली, मजुरी महागली, धान्यापेक्षा लोकर परवडू लागली, आणि शेवटची पाच-दहा कुटुंबं जमीनदारानं मेंढ्यांसाठी हलवली. लेस्टरशायरमधलं इंगर्सबी लेस्टरच्या मठानं १४६९ मध्ये कुंपण घालून कुरणाखाली घेतलं. यॉर्कशायरचं व्हॅरम पर्सी १५०० च्या सुमारास संपलं. तिथे इतिहासकार मॉरिस बेरेसफर्ड आणि पुरातत्त्वज्ञ जॉन हर्स्ट यांच्या पुढाकारानं १९५० ते १९९० अशी चाळीस वर्षं हंगामी उत्खननं चालली आणि शेतकऱ्याचं घर ही गंभीरपणे अभ्यासायची वस्तू ठरली. व्हॅरमचं चर्च गाव उठल्यावरही विसाव्या शतकापर्यंत वापरात होतं, कारण पॅरिशमधल्या इतर वस्त्यांना ते लागे. तुमच्या प्रश्नातल्या एकट्या चर्चचं कारण असं असू शकतं. पण नॉरफकमध्ये असाल तर सावध राहा. तिथे बरीच गावं मेली नाहीत, फक्त चर्च सोडून सामायिक गायरानाच्या कडेला सरकली. तिसरा प्रकार अठराव्या शतकातला: डॉर्सेटमध्ये जोसेफ डेमर या जमीनदारानं आपल्या वाड्यासमोरचं मिल्टन हे अख्खं गाव हटवलं आणि लोकांना मिल्टन ॲबस या नव्या वस्तीत नेलं. अशा जागी जमिनीवरच्या खुणा मध्ययुगीन गावासारख्याच दिसतात, पण गाव उठलं ते दोन-तीनशे वर्षं उशिरा.

प्रत्यक्ष जागेवर जायचं तर डिसेंबर ते मार्चच्या सुरुवातीपर्यंत. गवत बसलेलं असतं, खाजकुइलीसारखी आग करणारी नेटल वाळलेली असते आणि सूर्य खाली असतो. डिसेंबरात मध्य इंग्लंडमध्ये भर दुपारीही तो जेमतेम १४ अंश चढतो, जूनमध्ये ६१. जूनच्या दुपारी तेच कुरण सपाट वाटेल. पातळ बर्फ वितळताना किंवा दहिवर विरताना मिळणारा तासभर सगळ्यांत मोलाचा, कारण सावलीच्या बाजूला पांढरं टिकतं आणि उन्हाची बाजू हिरवी होते. उन्हाळ्यात गेलात तर झाडोरा वाचा. नांगरटीच्या वरंब्यावर कंदवाला बटरकप वाढतो आणि ओलसर सरीत सरपटणारा, दोन्ही पिवळेच, पण कंदवाल्याच्या फुलाखालची हिरवी दलं मागे वळलेली असतात. नेटलचे दाट पट्टे फॉस्फेटवर, म्हणजे जुन्या शेणामुतावर, वाढतात. ते जोत्यावर असतील तर चांगलं, पण आजच्या गुरांच्या गव्हाणीभोवतीही तसेच येतात. कोरड्या उन्हाळ्यात दगडी पायांवरचं गवत आधी पिवळं पडतं. १९७६ आणि २०१८ च्या दुष्काळी उन्हाळ्यांत अशा खुणा भरपूर दिसल्या.

चालण्याची पद्धत: आधी सगळ्या कुरणाला कडेनं एक फेरी, काहीही न लिहिता. मग वाट धरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मग प्रत्येक आवारात आडवं. जिथे शंका येते तिथे गुडघ्यावर बसून डोळा जमिनीजवळ न्या. उभ्यानं न दिसणारी कड बसल्यावर क्षितिजावर उठते.

नकाशा काढायचा असेल तर १:१००० हे प्रमाण बहुतेक जागांना पुरतं. ३० मीटरची फीत सरळ आधाररेषेवर टाका, दर पाच मीटरला काटकोनात दुसरी फीत घेऊन कडेचा माथा आणि पायथा वेगवेगळे टिपा. हॅचर, म्हणजे उतार दाखवणाऱ्या निमुळत्या रेघा, काढताना जाड टोक उताराच्या माथ्यावर आणि शेपूट खाली. उतार तीव्र तिथे रेघा दाट. पहिल्यांदा काढणारे माथा आणि पायथा यांची एकच रेघ करतात, आणि मग तो चर आहे की कड हे कुणालाच कळत नाही. दुसरी चूक म्हणजे तुटक दिसणारी कड मनानं जोडणं. तुटली असेल तर तुटकच ठेवा. त्या खिंडीतून दार निघू शकतं.

चिचुंद्रीसारखा मोल हा प्राणी उकरून ठेवतो त्या मातीच्या ढिगांकडे लक्ष ठेवा. त्यात खापरं, जळकी माती, कोळसा सापडतो. नांगरलेल्या शेजारच्या रानात खापरं विखुरलेली असतील तर आकार पाहा. शेणखताबरोबर शेतात गेलेली खापरं लहान, कडा झिजलेली आणि विरळ असतात. वस्तीतली मोठी, ताज्या कडांची आणि दाट. हा फरक न केल्यानं रानातल्या खतालाच गाव ठरवलं गेल्याची उदाहरणं आहेत.

परवानगीशिवाय पायवाट सोडू नका आणि काहीही खणू नका. जागा संरक्षित स्मारक आहे का ते नॅशनल हेरिटेज लिस्ट या संरक्षित जागांच्या सरकारी यादीत पाहा. असेल तर १९७९ च्या कायद्यानुसार तिथे हिस्टॉरिक इंग्लंड या वारसा जपणाऱ्या सरकारी संस्थेच्या लेखी संमतीशिवाय मेटल डिटेक्टर किंवा भूभौतिक उपकरण वापरणं हा गुन्हा आहे, आणि खोदकामाला वेगळी सरकारी मंजुरी लागते. संरक्षित नसेल तरी जमिनीच्या मालकाचा होकार हवाच. सापडलेली वस्तू पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम या सापडलेल्या जुन्या वस्तू नोंदवणाऱ्या योजनेच्या जिल्हा अधिकाऱ्याला दाखवा. १९९६ च्या ट्रेझर, म्हणजे सापडलेल्या जुन्या धनाच्या, कायद्यात बसणारी वस्तू असेल तर १४ दिवसांत कळवणं बंधनकारक आहे.

शेवटचं काम नोंदीचं. प्रत्येक काउंटीत हिस्टॉरिक एन्व्हायर्नमेंट रेकॉर्ड, म्हणजे जुन्या जागांचं नोंदणी दप्तर, असतं, आणि हेरिटेज गेटवे या संकेतस्थळावरून त्यांतल्या बऱ्याच नोंदी शोधता येतात. तुमची जागा आधीच नोंदलेली निघाली तरी कळवा, कारण जुन्या नोंदी बरेचदा एका ओळीच्या असतात आणि वरंबे जोत्यांवरून जातात की बांधाला थांबतात हे त्यांत लिहिलेलं नसतं. आठ अंकी ग्रिड संदर्भ, भेटीची तारीख आणि वेळ, गवताची स्थिती, लायडारचं चित्र कोणत्या दिशेच्या प्रकाशाचं आहे, वरंब्यांची सरासरी रुंदी आणि तुमचा प्रत्येक सांध्याबद्दलचा अंदाज, एवढं द्या. ‘निश्चित’, ‘संभाव्य’ आणि ‘शक्य’ हे तीन शब्द जपून वापरा: मांडणी, शेत आणि कागद तिन्ही जुळले तर निश्चित, मांडणी आणि शेत जुळलं तर संभाव्य, आणि आज तुमच्याकडे आहे तेवढंच, म्हणजे उंचवटे, दबलेला पट्टा आणि एकटं चर्च, तर शक्य.